इकडे

लच्छव्वा गुंडेटी, वय अठ्ठावन्न, भद्रावती पेठ.
केसपेपरवर इंटर्नचं घाईचं अक्षर:
हसळीच्या हाडाला दुखतं, इकडे.
एवढंच.

ती म्हणाली असणार, इक्कड,
तेलुगूत, बोट टेकवून,
आणि लातूरच्या पोरानं ते मराठीत लिहून घेतलं.
चुकलं कुणीच नाही.
बोट तेवढं कागदावर उतरलं नाही.

मला कोड टाकायचाय.
हसळीच्या दुखण्याला स्वतःचा आकडा नाही,
ते खांद्याच्या घरात पोटभाडेकरू.
एम पंचवीस, पुढे पाच, पुढे एक,
आणि शेवटचं घर बाजूचं:
एक उजवी, दोन डावी,
नऊ म्हणजे कुणी विचारलंच नाही.

नऊ टाका की, साळुंखेसाहेब म्हणाले,
साडेपाचला क्लेम जायचाय.

विड्या वळते, असं वर लिहिलंय.
म्हणजे मान खाली, सूप मांडीवर,
कात्री उजव्या हातात, म्हणजे उजवी?
अंदाज लिहायचा नसतो.
नव्या पोरांना हे मीच शिकवतो.

फोन नातीनं उचलला.
मागं पंख्याचा खडखडाट, टीव्ही.
आज्जीला विचार गं, कुठल्या बाजूला दुखतं?
बराच वेळ काहीच नाही.
मग: म्हणतीय, इक्कड.

हसू आलं, दाबलं.
थांबा सर, मीच दाबून बघते.

फोनमध्ये एक बारीक स्स्स.

डावी, सर.
तिची डावी हं, माझी न्हाई.

दोन.
पुढची फाईल: अक्कलकोट रोड, गुडघा.