टक

चुनाभट्टीच्या फाटकावरून उतरताना
पुढच्या चाकातून टक.
शाळेच्या उताराला टक.
स्वदेशीच्या कोपऱ्यावर, जिथे पाण्याची लाइन टाकून
रस्ता नुसता थापलाय,
तिथे टक टक.
आणि सिग्नलला थांबले की इंजिन
कुणी न विचारता बोलत सुटायचं.
मूठ सोडली तरी आवाज खाली यायचा नाही.
शेजारचे रिक्षावाले बघायचे,
एवढी घाई कसली बाईंना.

अठ्ठ्याऐंशीची चेतक. नंबर लावून घेतलेली, माझ्या नावावर.

तीन गॅरेजवाल्यांनी कार्बोरेटर धुतला.
एकाने वर जेट बदलला,
एकाने स्क्रू पिळला,
तिसरा म्हणाला, विकून टाका,
भंगारवाला वजनावर घेईल.

मी एकतीस वर्षं एकशे अठ्ठ्याण्णववर बसले.
फोन डेड आहे म्हणून अख्ख्या कुर्ल्याच्या शिव्या खाल्ल्या
आणि एवढं शिकले :
खरखर कानात येते
म्हणून फॉल्ट कानाशी नसतो.
तो दोन रस्ते सोडून कुठल्यातरी पेटीत,
पाणी शिरलेल्या जॉइंटात
गप्प बसलेला असतो.

म्हणून शेवटी बैलबाजार. शौकत परकार.
मधली चौदा वर्षं त्याच्याकडे पाऊल टाकलं नव्हतं.
कारण आठवत नाही. बहुधा तीस रुपये.

त्यानेही काही काढलं नाही.
पुढचं चाक उचलून हलवलं,
दुधाचा दात हलवून बघतात तसं.
‘बुश गेले.’
मग खाली बसताना कण्हला.
मी तोंड उघडणार, तेवढ्यात म्हणाला,
‘गुडघ्यांचं नाव काढू नका, कोरगावकर बाई.’

फॅनचं कव्हर निघालं. पुलर लागला.
फैजानने मोबाइलची बॅटरी धरली,
आणि मॅग्नेटच्या मागे
ओली, काळी, चकचकीत कड.
‘हा बघा चोर. ऑइल सील.
इथून हवा ओढते,
आणि तुम्ही सगळ्यांनी कार्बोरेटरला बदनाम केलंत.’
पंच्याऐंशी रुपयांचा रबर.

मग पुढचा लिंक उघडला.
पिनेभोवती पत्र्याची पट्टी गुंडाळलेली,
बिस्किटाच्या डब्याची,
निळ्या रंगात अर्धं फूल अजून शाबूत.
‘कुठल्या गाढवानं हे—’
‘तूच. दोन हजार सहा. डिसेंबर.’

फैजान हसला.
मग त्याने पाना शोधायला घेतला, हातातच असलेला.

‘तेव्हा बुश मिळत नव्हते,’ शौकत बऱ्याच वेळाने म्हणाला.
‘तुम्हाला सकाळी पनवेल गाठायचं होतं.
दोन दिवसांपुरती लावली होती.’
‘दोन दिवसच म्हणाला होतास.’
त्याने पट्टी रॉकेलात बुडवली, पुसली,
चष्मा कपाळावर ढकलून उजेडाशी धरली.
‘पण कापली बघा कशी सरळ.’

नवे बुश लेथवर कातून आले, पितळेचे.
शॉकअप सीएसटी रोडवरून, वापरलेला पण जिवंत.
संध्याकाळी मी सवयीने स्कूटर कलती करायला गेले.
‘नको,’ तो म्हणाला. ‘नुसती मारा.’
एका किकला.
आणि मूठ सोडल्यावर इंजिन खाली आलं,
हळू,
बोलणं संपलेल्या माणसासारखं.

बिल एकवीसशे. मी एकवीसशे तीस दिले.
मोजत नाही असं दाखवत त्याने मोजले,
आणि काही परत केलं नाही.
पट्टी माझ्या डिकीत आहे.

फाटक गेलं. काही नाही.
उतार गेला. काही नाही.
पुढे दिवे अनोळखी वाटायला लागले,
तेव्हा लक्षात आलं,
स्वदेशीचा कोपरा केव्हाच मागे पडला.
इतकी वर्षं तिथलं वळण
मी डोळ्यांनी घेतच नव्हते.

इंडिकेटर दिला, परत फिरले.