आकसण्याची जागा

गंगावेशीत रात्री साडेनऊला
म्हैस रस्त्याकडं पाठ करून उभी,
धार थेट पेल्यात.
फेस ओठाला लागायच्या आत
पिराजी विचारतो, "कायमची आलीस, का जाणार?"
अकरा वर्षं हाच प्रश्न
तिकडं दुसऱ्या भाषेत विचारतात मला,
पेला न देता.

पिशवीत अर्ज आहे. चौदा पानं.
नऊ भरलीत.
तिथला कायमचा परवाना माझ्याकडं आहेच :
नोकरी करा, घर घ्या, कर भरा, आजारी पडा.
फक्त सहा महिन्यांहून जास्त
गैरहजर राहू नका.
अण्णांचं बायपास झालं त्या वर्षी
मी दवाखान्याच्या बाकावर बसून
कॅलेंडर मोजत होते : एकशे एकाहत्तर.
त्यांचे टाके आणि माझे दिवस
एकाच वहीत.

नागरिक झालं की हा हिशेब संपतो.
तिथले म्हणतात, जुना पासपोर्ट ठेवा,
आमची हरकत नाही.
हरकत आपली आहे.
आपला कायदा म्हणतो, एकच.
मग निळं पुस्तक परत करायचं,
कोपरा कापून हातात देतात म्हणे,
आणि वर एक कार्ड, आयुष्यभराचं :
या, राहा, सणाला जेवा,
मत देऊ नका, शेत घेऊ नका.
"माहेरवाशिणीचं कार्ड," वहिनी म्हणाली.
दोघी हसलो. मग नाही हसलो.

फ्रँकफर्टला दोन रांगा असतात.
निनाद आणि त्याचे बाबा
त्या रांगेतून दोन मिनिटांत पलीकडं.
मी ह्या रांगेत, बोटांचे ठसे, पुन्हा बोटांचे ठसे.
काचेमागून सात वर्षांचा मुलगा
मला हात हलवून दाखवतो,
जशी मीच कुठं निघालेय.

अण्णा उद्यमनगरात पॅटर्न करायचे.
सागवानी, गालाला लावावेत इतके गुळगुळीत :
पंपाची बॉडी, गिअरचं घर.
त्यांची मोजपट्टी खोटी होती.
म्हणजे मुद्दाम लांब, शंभराला एक जास्त.
"ओतलेला धातू निवताना आकसतो,
म्हणून लाकडात आधीच जागा सोडायची.
बिडाला थोडी, पोलादाला दुप्पट."
त्या पट्टीनं मी शाळेत त्रिकोण काढले होते.
बाईंनी तिन्ही बाजू चूक दिल्या.

आज सकाळी अर्ज त्यांच्यापुढं ठेवला.
त्यांनी चष्मा पुसला. वाचलं नाही.
"मी निपाणीहून आलो एकाहत्तरला.
चाळीस किलोमीटर.
रेशनकार्डाला तीन वर्षं घालवली.
हिथला कारकून म्हणायचा, तुम्ही पलीकडचे.
गावी गेलो की भाऊबंद म्हणायचे, तुम्ही पलीकडचे.
कार्ड मिळालं त्या दिवशी दोन किलो साखर आणली.
तुझी आई म्हणाली, झालात एकदाचे कोल्हापूरचे."
मग?
"मग काय. अजून निपाणीकर मिस्त्रीच म्हणतात.
आता ते नाव झालंय. पत्ता नाही राहिला."

मला वाटलं, आता सांगतील,
कर सही, किंवा नको करू.
त्यांनी विचारलं,
तिकडं ओतकामाला वाळू कुठली वापरतात.

दहाव्या पानावर रकाना आहे :
हे नागरिकत्व आपणास का हवे?
साडेतीन ओळींची जागा.
दुपारी अण्णांची पट्टी काढून मोजली.
त्या पट्टीवर
रकाना आहे त्याहून लहान भरतो.
लिहिलं : मुलगा रांगेपलीकडे उभा आहे.
खोडलं.
लिहिलं : दिवस मोजून थकले.
हे तसंच ठेवलंय, पेन्सिलीनं.

पेला रिकामा. सुटे नाहीत,
पाकिटात युरोची चिल्लर खुळखुळते.
पिराजी म्हशीचं दावं सोडतोय.
"राहू दे, उद्या दे," म्हणतो,
आणि दोन पावलांवर थांबून,
"उद्या हाईस न्हवं?"
शनिवारपर्यंत आहे, मी म्हणते.
"मग शुक्रवारी दे."