फरशीचं रीडिंग

सत्तावीस वर्षं लोकांच्या जिन्यांखाली वाकून
मी मीटर वाचले.
आता बेशाच्या या फ्लॅटात, तिसऱ्या मजल्यावर,
वाकून फरशी वाचतो.

फरशीखाली तारा आहेत.
फिनलंडहून आला तेव्हा पराग घालून गेला:
आईचे पाय गार पडतात, बाबा,
तिकडे घरोघरी असतं हे.
टाइल बसवताना अफरोज मिस्त्री हसत होता,
"नागपुरात जमीन तापवायले पैसे, काका?
मे महिन्यात सांगा, फुकट तापवून देतो."

पण डिसेंबरात पहाटे पारा आठावर येतो
आणि कुमुदचे पाय माठाला टेकवल्यासारखे.
तिला मात्र ते मी सांगतो तेव्हा कळतं.
साखरेनं तळव्यांचं कळणंच नेलं.
डॉक्टरनं टाचणी टोचून विचारलं, कुठे?
ती म्हणाली, टोचली का?

दक्षिणेला मोठी काच आहे.
मे महिन्यातलं ऊन, ज्याला सगळे शिव्या देतात,
चौकटीवरच थांबतं, आत पाऊल टाकत नाही.
हिवाळ्यातलं, ज्याचं सगळे कौतुक करतात,
दहाला येतं, बाराला जेवणाच्या टेबलाच्या पायापर्यंत पसरतं.
मी खडूनं रेघ मारली आहे.
बावीस डिसेंबर : सात फुटांना एक बोट कमी.
खालून तारा, काचेतून ऊन, वर पंखा पाचवर,
आणि मधे आम्ही दोघं
वरणात सोडलेल्या चकोल्यांसारखे.

यात हसण्यासारखं होतं, आम्ही हसलोही.
मग एका दुपारी तिचा मोजा काढताना
टाचेला फोड दिसला, रुपयाएवढा.
ती ऊन खात बसली होती तिथेच,
खडूच्या रेघेच्या आत.

बटण बंद केलं की फरशी बंद होत नाही.
हे कळायला मला पंधरवडा लागला.
सिमेंट राग धरून बसतं, चार तास, पाच तास,
सकाळी नऊला बंद करणं म्हणजे
जेवण झाल्यावर ताट झाकणं.
म्हणून मी साडेतीनला उठतो.
थकबाकीदारांचं कनेक्शन कापायला जायचो
तेव्हा निदान दहा वाजू द्यायचो.
गॅलरीत जाऊन आधी आभाळ बघतो :
चांदण्या स्वच्छ, तर लगेच बंद.
ढग असले तर सहापर्यंत चालू दे.
एकदा चुकलो. ढग नव्हते, धूर होता,
कुणीतरी कचरा पेटवला होता.

पडदाही आतून लावून उपयोग नाही.
काच ओलांडली की ऊन घरचंच होतं,
मग त्याला कुठे हाकलणार?
कूलरच्या उरलेल्या वाळ्याच्या ताट्या काढल्या,
बाहेरून ग्रिलला बांधल्या सुतळीनं.
खालून मेश्रामबाई ओरडल्या,
"काहून हो भाऊ, थंडीत कूलर?"
मी म्हटलं, "हो."
समजावायला लागलो असतो तर संक्रांत झाली असती.

संक्रांत झालीच.
रेघ अर्धी वीत मागे गेली,
मी नवी मारली, जुनी पुसली नाही.

दुपारी एकला परागचा फोन येतो, व्हिडिओवर.
त्याच्याकडे साडेनऊ, आणि खिडकीत अजून रात्र.
आमची अंधारी बैठक बघून म्हणाला,
तुमच्याकडे पण उजाडलं नाही का?
मग थोडा वेळ कुणीच बोललं नाही.
मग तो म्हणाला, बाबा, ताटी जरा वर करा ना.

मी सुतळी सोडली.
ऊन आलं, नेहमीच्या माणसासारखं, न विचारता.
कुमुदनं फोन फरशीकडे धरला,
आधी खडूच्या दोन रेघांकडे, मग स्वतःच्या पायांकडे.
तो तिकडे ऊन बघत होता,
मी इकडे घड्याळ.
पाच मिनिटं झाली, सात झाली.
मी खाली बसलो, तिच्या टाचेशेजारी तळहात टेकवला.

अजून चालेल, म्हटलं.