एकलहऱ्याचा काटा

तेहतीस वर्षं मी वाघिणी तोलल्या.
भरलेलीतून रिकामी वजा, उरेल तो कोळसा.
एवढंच गणित येतं मला,
आणि जुळत नसेल तर सही करायची नाही, हे.

परवा केतकी आली, धाकटीची मुलगी,
दिल्लीच्या विमानानं, ओझरला उतरून.
पाय धुता धुता म्हणाली, मामा,
तुमच्या त्या चिमण्या आधी बंद व्हायला हव्यात.
खरं आहे तिचं.
वीज उन्हावर होते, वाऱ्यावर होते,
विमान अजून उन्हावर उडत नाही.
जिथं सोपं, तिथून सुरुवात.
मी मान हलवली,
मग रात्रभर काटा हलत राहिला.

चिमणीच्या पारड्यात
सामनगावच्या हौसाबाईची पिठाची गिरणी,
बिटकोत काचेच्या पेटीतलं
कुणाचं तरी अपुऱ्या दिवसांचं बाळ,
द्राक्षांची शीतगृहं,
शिंद्याच्या फाट्यावरचा एक दिवा
जो निम्मा वेळ बंदच असतो.
धूर एक, धनी किती!

विमानाच्या पारड्यात दीडशे माणसं, दोन तास.
त्यांतच ती, जिला खांद्यावर घेऊन
मी ओझरच्या कुंपणापलीकडची विमानं दाखवली.
म्हणजे माझाही अंगठा पारड्याला लागतो. कबूल.

पहाटे उठून पाठीमागच्या कोऱ्या कागदावर हिशेब केला.
एका युनिटला पाऊण किलो कोळसा धरला.
तिचं जाणं-येणं: तीन पोती, थोडं इकडेतिकडे.
तेवढ्यात हौसाबाईचं घर
दोन महिने उजेडात राहतं.

हौसाबाई विमानात कधी बसली नाही.
तिच्या दांडीवरच्या ओल्या लुगड्यांवर मात्र
आमची राख रोज बसली.
झटकायची, पुन्हा वाळत घालायची,
आणि मी दिसलो की विचारायची,
"साहेब, ही वजनात धरली का?"

नव्हती धरली.

चिमण्या थंड होऊ देत, केतकी,
गिरणीला उन्हाची वीज पोचली की त्याच दिवशी.
पण "आधी तुम्ही" हे म्हणायचं कुणी,
खिडकीशेजारच्या सीटवरून?
हे मी तिला बोललो नाही.
चहा केला.

निघताना तिनं बॅग माझ्या स्प्रिंगकाट्याला लावली.
पंधरा किलो, चारशे ग्रॅम.
वर गेलं तर पैसे घेतात, म्हणाली,
आणि बेदाण्यांची पुडी काढून ठेवली.
तीन पोत्यांचं कुणी विचारत नाही.

पुडी अजून टेबलावर आहे.
हौसाबाईला नेऊन देईन म्हणतो.
काय सांगून द्यायची,
ते ठरलेलं नाही.