बादलीभर बटाटे

सातव्या दिवशी पहाटे ती खाली माझ्याकडे आली.
हेल्वे, व्होरूची पोस्टवाली.
मौन मोडून म्हणाली,
"हा हात कुणाचा आहे?"

वर तिला सांगितलं होतं:
नुसतं बघ. आलेलं जाईल.
ती बघत राहिली. गेलं नाही.
आधी पोटऱ्या नाहीशा झाल्या, मग नाव,
मग रात्री छत श्वास घेऊ लागलं.
चार रात्री डोळ्याला डोळा नाही
आणि चेहरा इतका शांत
की कुणी विचारलंच नाही.

मला ध्यानातलं काही कळत नाही,
मी या शिबिरात कांदे चिरते.
बादलीभर बटाटे तिच्यापुढे ठेवले,
काळ्या पावावर खारा मासा,
आणि माझी छोटी सुरी.
सोल, म्हटलं.

दुपारी सुरी लागली तिला.
"आई गं!" केवढ्यानं ओरडली,
मग रक्ताकडे बघून
हसली की रडली, सांगता येत नाही.
वर घंटा झाली. सगळ्यांनी डोळे मिटले.
मी तिच्या भावाला फोन लावला.

फार जाड सोलले होते बटाटे,
निम्मे सालींतच गेले.

परवा तिचं कार्ड आलं, एस्टोनियाच्या त्या टोकाहून:
झोप लागते.
डावा हात माझाच.
उजव्याचं अजून ठरायचंय.