बरणी क्रमांक चारशे बारा

ओर्वेनच्या राज्यात फाशी नाही,
चाबूक नाही, याचा आम्हाला फार अभिमान.
आमच्याकडे शब्द काढतात.

आरोपीला गुडघ्यांवर बसवायचं,
ओल्या सालींचा धूर द्यायचा,
मग मांत्रिक वेस्रिक देवमाशाच्या हाडाचा चिमटा
जिभेखाली घालतो.
शब्द ओला निघतो, अंड्यातून नुकत्याच आलेल्या पिलासारखा,
थोडा थरथरतो.
मी बरणी धरतो. बूच लावतो. चिठ्ठी डकवतो.
एकोणीस वर्षं हेच काम,
वर मेणबत्त्यांचा भत्ता.

पाव चोरणाऱ्या पोराची 'भूक' माझ्या फळीवर आहे.
शब्द तेवढा इथे. बाकी सगळं त्याच्याकडेच राहिलं.
बाण सोडायला नकार दिलेल्या शिपायाचं 'नाही' आहे,
ते दोन हातांनी उचलावं लागतं.
शिपाई आता बढती मिळून किल्ल्यावर असतो.

मग हेस्का आली.
थाल्स नदीवरची नावाडीण,
तळव्यांवर वल्ह्याचे घट्टे, केसांत मासळीचा वास.
चांदीच्या खाणीतून पळालेली सात माणसं
हिनं रातोरात पैलतीराला घातली होती.
"भाडं काय घेतलंस?"
"एकानं शीळ घालून दाखवली."
न्यायाधीश ब्रान्नोक हसले नाहीत.
अंगठीनं मेज ठोकलं :
"नाव काढा हिची."

आता आमच्या बोलीत ती नाव आणि ते नाव
त्याच दोन अक्षरांत राहतात,
एका खोलीत दोन भाडेकरू, चूल सामाईक.
चिमट्याला कुठलं व्याकरण?
एक काढायला गेला, दोन्ही निघाली.
त्या दिवशी बरणी मोठी लागली.

पंधरवड्यात पहारेकऱ्यांनी तिला पुन्हा धरलं,
मध्यरात्री, भर धारेत, अकरा माणसांसकट.
"हे काय चालवतेस?"
"फळ्या," ती म्हणाली. "एकमेकींना धरून आहेत."
मी नोंदवही उघडली. पहिला रकाना.
"नाव?"
तिनं माझ्याकडे असं पाहिलं,
जसं मी पाणकोंबडीच्या आवाजात काही विचारलं.
सोंग नव्हतं ते.
आणि कलम पहिलं, राजाच्या पणजोबांनी दगडात कोरून घेतलेलं :
नावावाचून खटला नाही.

घाटावरचे साक्षीदार बोलावले.
सगळा घाट तिला ओळखतो,
शपथेवर मात्र कुणालाच आठवेना.
जुन्या वहीत बघितलं, तर तिथे शाईचा डाग.
(चिमट्याचा प्रताप, मी सांगितलं.
माझ्या कोपराबद्दल कुणी विचारलं नाही.)

चौथ्यांदा सुटली तेव्हा ब्रान्नोक उठून उभे राहिले.
"शब्द परत घाला. उद्या सकाळी.
मग चालवू."
ओर्वेनमध्ये पहिल्यांदाच शिक्षा माफ होत होती,
शिक्षा देता यावी म्हणून.

रात्री तळघरात बरणी आतून टकटकत होती,
काठाला बांधलेलं काही
लाटेनं आपटत राहावं तशी.
डगल्याखाली घेतली. पुलावर गेलो.
माझे वडीलही याच तळघरात झिजले.
असते तर म्हणाले असते, घराण्याचं नाव बुडवलंस.

खरं तर बुडवायलाच गेलो होतो.
बूच काढलं, उपडी केली.
पण नाव ती.
जराशी कलंडली, अंगावरचं पाणी झटकलं
आणि निघाली पलीकडे,
आत कुणी तरी वल्हं धरून बसल्यासारखी.

सकाळी पिंजऱ्यात मी.
माझ्या जागी नवा पोरगा, मिशीही न फुटलेला,
टाक शाईत बुडवून विचारतो,
"नाव?"

ते होतं माझ्या तोंडात, शाबूत, कोरडं.
मी नदीकडच्या खिडकीतून बघत राहिलो.
त्याच्या टाकावरून शाईचा थेंब
रकान्यात पडायला आला होता.