हरकत : निरंक

एजंट म्हटलं की आमच्या पिपरटोल्यात
पहिले विम्यावाला आठवते,
मग साकोलीचा तो, जो मासळी उचलते आणि काट्यावर बोट ठेवते.
म्हणून संस्थेच्या कॉम्प्युटरातल्या याला
मी एजंट म्हणत नाही. कारकून म्हणते.
चहा मागत नाही. लाइन असली की काम करते.

सुनावणी फागुनात झाली होती,
मामा तलावाच्या ठेक्याची, व्हीसीवर.
साहेब भंडाऱ्याला, आम्ही समाजमंदिरात :
एक लॅपटॉप, सदतीस माणसं,
आणि भिंतीपलीकडे पिठाची चक्की.
पंधरा दिवसांनी कागद आला.
«हरकतीसाठी चार मिनिटे देण्यात आली.
हरकत : निरंक.»

दसरूकाका म्हणाले, निरंक मंजे का जी?
मी सांगितलं.
ते चपला शोधायला लागले, पायातच होत्या.

गेल्या महिन्यापर्यंत कारकुनाला
रेकॉर्डिंगची फक्त यादी दिसे :
तारीख, वेळ, किती मिनिटं.
त्याच्याखालचा लेखी उतारा वाचून तोही तेच सांगे,
हरकत आढळली नाही.
उतारा ऐकल्याचा होता.
ऐकू काहीच गेलं नव्हतं.

आता त्याला नवीन अवजार मिळालं आहे.
तो आख्खं रेकॉर्डिंगच खाली उतरवते, आपल्या डब्यात.
बाबांना सांगितलं, आजवर हा बाजारातून
नुसता भाव ऐकून येत होता,
आता टोपली घेऊन येईल.
बाबा पागाला शिसं ओवत होते. म्हणाले,
टोपलीत पाह्य मग, सडलं का जितं.

रात्री बारा. एकसष्ट टक्के.
लाइन गेली.
मच्छरदाणीत बसून मी अंधाराला शिव्या दिल्या.
अडीचला आली, आणि यानं एकसष्टपासूनच उचललं,
पहिल्यापासून नाही.
एवढी अक्कल आमच्या तलाठ्याजवळ नाही.

मी लिहिलं : इथंच पाह्य. वर कुठे पाठवू नको.
आमच्या बायांचे चेहरे
कोणाच्या गोदामात नको.

पहाटे त्यानं लिहून ठेवलं होतं :

मिनिट एक्केचाळीस ते पंचेचाळीस, आवाज नाही.
सहावी चौकट, पिपरटोला. माइकवर लाल रेघ.
वर झालेले हात, एकोणतीस.
एक वृद्ध स्त्री उभी आहे.
ओठ हलत आहेत, तीन मिनिटं दहा सेकंद.
हातात काहीतरी ओलं. बहुधा दोरी.

दोरी नव्हती.
सायत्राबाईनं देवधानाची मुळं आणली होती,
गळ्याइतक्या पाण्यात उभं राहून लावलेल्यातली,
साहेबाला दाखवायला
की दाडक अंडी कुठं घालते.

त्याखाली आणखी एक ओळ होती, मी विचारली नव्हती ती.
मिनिट अडतीस. एक हात लॅपटॉपकडे येतो.
मनगटावर घड्याळ, पट्टा लाल.

चक्कीचा आवाज येऊन राहिला, म्यूट करा,
साहेब म्हणाले होते.
म्यूट मी केलं होतं.
उघडायचं राहून गेलं होतं.

घड्याळ काढून
मी पिशवीत टाकलं. मग परत घातलं.

सकाळी सायत्राबाईला बोलावलं.
ती पडद्याजवळ सरकली, पदर नीट केला,
आणि त्या मुक्या बाईच्या तोंडासोबत
बोलायला लागली.
तीन मिनिटं दहा सेकंद.
ओठ कुठंच मागे पडला नाही.
बोटभर लाल रेघेकडे पाहत पाहत
मी या खेपेला दोनदा तपासलं, माइक चालू होता.

मग मीच मागे नेऊन अडतीस लावलं.
तिनं पडद्यातला हात पाहिला.
माझा पाहिला.
«घडी चांगली हाये,» म्हणाली.
बराच वेळ काहीच नाही.
«हे बी लाव कागदाले.»

कारकुनानं विचारलं होतंच, अपिलासाठी
तुकडा कुठून कापू?
मी लिहिलं : अडतीसपासून.

भिंतीपलीकडे कोणाचे तरी गहू पडले,
पट्टा फिरला,
आणि आम्हाला दोघींनाही
जरा मोठ्यानं बोलावं लागलं.